मिशाळ सैन्य

दिगंबरकाकाच्या सगळ्या सैनिकांना मिशा होत्या. भालेवाल्यांना होत्या, घोडेस्वारांना होत्या, हिरव्या कातडीच्या सुळेवाल्या राक्षसांनाही होत्या. एका पंखवाल्या परीच्या ओठावर मी त्या पाहिल्या, तेव्हा ती सावली आहे असं त्याने मला सांगितलं. मिशी एकाच वळणाची. दोन्ही टोकं वर, डावं टोक जरा जास्त वर. ती कुणाची हे ओळखायला हुशारी लागत नव्हती. मान वर करून दिगंबरकाकाकडे पाहिलं की झालं.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचे. शेजारचे काका, आईच्या शब्दांत 'भले माणूस'. इथे मात्र एकेरी लिहिणार आहे. आदर कधी वाटलाच नाही, तो कागदावर तरी कशाला आणायचा?

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या बाजाराच्या रस्त्यावर, एका अरुंद जिन्याच्या वर त्याचा फोटो स्टुडिओ होता. जिन्याखालच्या जागेत अनसूयाबाईचं फुलांचं दुकान. वर चढणाऱ्या प्रत्येकाला आधी झेंडूचा आणि ओल्या गोणपाटाचा वास यायचा, मग वर गेल्यावर थिनरचा. स्टुडिओ काकाचा असं पाटीवर लिहिलं होतं. पासपोर्ट फोटो काढायचे, कापायचे, पाकिटात घालायचे, लग्नाच्या तारखा घ्यायच्या, गिऱ्हाइकाला हनुवटी खाली घ्यायला सांगायचं, हे सगळं त्याची बायको, शोभाकाकू करायची. उत्तरेच्या खिडकीपाशी, जिथे सगळ्यात चांगला उजेड यायचा, तिथे काका बसायचा. कपाळाला घड्याळजीसारखं दुहेरी भिंग बांधून बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवायचा.

हे सैनिक म्हणजे परदेशातल्या एका युद्धखेळातली प्यादी. तिकडे लोक टेबलावर डोंगर, किल्ले मांडून हा खेळ खेळतात. प्यादी बिनरंगाची मिळतात, ज्याची त्याने रंगवायची. काकाच्या पुण्यातल्या भाच्याने कंटाळून अशा प्याद्यांचं एक खोकं त्याच्याकडे टाकलं, आणि तेवढ्यावर हा माणूस कलावंत झाला. कुणी शिकवलं नव्हतं, हे तो इतक्या वेळा सांगायचा की शिकवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. खेळाचे नियम त्याने कधी वाचले नाहीत. अकोल्यात त्याच्याशी खेळायला कुणी नव्हतंच, पण असतं तरी तो खेळला नसता. खेळायचं म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याच्या सैनिकांना लागला असता.

ब्रशाला टोक यावं म्हणून तो ब्रश ओठांत धरून ओढायचा. त्यामुळे खालचा ओठ कायम रंगलेला. कधी निळा, कधी शेवाळी. शाळेच्या दाखल्यासाठी फोटो काढायला आलेली पोरं त्याच्याकडे बघून रडायची, मग शोभाकाकू म्हणायची, "अहो, तुमी तिकडं तोंड करा बरं जरा."

रंग कालवायला त्याला गुळगुळीत पृष्ठभाग लागायचा. त्यासाठी तो बिघडलेले फोटो वापरायचा. डोळे मिटलेले, हललेले, नको म्हणून टाकून दिलेले चकचकीत फोटो एका ढिगात पडलेले असत. हात लांब करून वरचा उचलायचा, त्यावर रंग काढायचा, पाणी घालून कालवायचा. एखाद्या मास्तरांच्या गालावर लाल, एखाद्या नव्या नवरीच्या कपाळावर काळा. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "काका, माणसं आहेत ती."

"रिजेक्ट माल आहे मॅडम तो," तो म्हणाला. "दुनिया डिटेलवर चालते. ज्याच्यात डिटेल नाही, तो फोटो नाही."

मॅडम म्हणजे मी. मी इंग्रजी शाळेत शिकत होते आणि फार बोलत नव्हते, या दोन गोष्टींमुळे मी त्याला सोयीची होते. सैनिकांचे फोटो तो इंटरनेटवरच्या एका मंडळावर टाकायचा, जिथे जगभरचे असे रंगवणारे एकमेकांना शाबासकी देत. त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. मग संध्याकाळी मला हाक. मी टाइप करायचे, तो मागे उभा राहून सांगायचा. "लिही, सेल्फ टॉट. लिही, नो गुरू. लिही, ओन्ली आर्टिस्ट इन होल विदर्भ." मी 'मी भारतातून आहे, हा माझा नवा सैनिक' एवढंच लिहायचे. त्याला कळत नव्हतं, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

एकदा तिकडच्या कुणी जुन्याजाणत्याने लिहिलं की काम स्वच्छ आहे, पण तुमचे सगळे चेहरे एकाच माणसाचे वाटतात. तुम्ही माणसांकडे बघता का? मी ते जसंच्या तसं मराठीत वाचून दाखवलं. काकाने मिशीचं डावं टोक ओढलं. "जळतात साले," म्हणाला. "पुढचं वाच."

त्याच्या फोटोंतली युद्धभूमी मात्र अस्सल वऱ्हाडी असायची. काळी माती चहाच्या गाळणीने गाळून तो फळीवर पसरायचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या म्हणजे जळालेलं जंगल. कापूस पिंजून धूर. त्या वर्षांत आमच्याकडे या गोष्टींना तोटा नव्हता. पाऊस यायचा आणि महिनाभर गायब व्हायचा, लोक दुबार पेरायचे, तेही करपायचं. बाळापूरकडे आमचं थोडं शेत आहे. बाबा झेडपीत नोकरीला, पण जीव शेतात. एका रविवारी ते सोयाबीन बघायला निघाले तर काका मागे लागला, "मलेही न्या भाऊसाहेब, जरा मोकळी हवा खातो." मीही गेले.

सोयाबीन गेलं होतं. गुडघ्याएवढं व्हायला हवं ते वितीवर थांबून पिवळं पडलं होतं, आणि मधल्या जमिनीला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा. बाबा बांधावर उभे राहिले. आणि काका धावला. खरोखर धावला. पोटावर आडवा झाला, खिशातून रुमालात गुंडाळलेले सैनिक काढले, भेगेच्या काठावर मांडले आणि कॅमेरा लावला.

"काय भेगा पडल्यात! क्या बात है! अशा हातानं करायला गेलो तर जमणार नाहीत. मॅडम, सावली नको पाडू."

बाबा चिडणारे नव्हेत. ते जवळ गेले, वाकून बघितलं. म्हणाले, "दिगंबरराव, एखादा बाहुला आत पडला तर सांगजा. काढू नोका. तेवढंच काहीतरी पेरल्यासारखं होईल."

काका हसला. त्याला तो विनोद वाटला. परतताना त्याने पिशवीभर माती घेतली आणि त्या रात्रीच्या फोटोखाली मला 'मृत भूमी' असं इंग्रजीत लिहायला लावलं. त्या फोटोला त्याला आजवरच्या सगळ्यात जास्त शाबासक्या मिळाल्या. बाबांनी पुढे त्याला कधी शेतावर नेलं नाही.

पण हे सगळं चाललं असतं. असली माणसं प्रत्येक गल्लीत असतात, आणि त्यांच्यामुळे त्यांच्या बायकांखेरीज कुणाचं फारसं नुकसान होत नाही. अनसूयाबाईचं झालं, म्हणून हे लिहिते आहे.

अनसूयाबाईचा नवरा पुंडलिक. त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा बाळापूर रस्त्याला. रोज सकाळी तो एस.टी.ने फुलांची गाठोडी घेऊन यायचा, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून हार ओवायचा, दुपारी परत जायचा. लग्नसराईत मांडव सजवायलाही तोच. बोलायचा जवळपास नाहीच. मला तो माझ्यासारखा वाटायचा, म्हणून त्याच्या बाजूने जाताना मी उगाच हळू व्हायचे. विहिरीचं पाणी खाली गेलं, म्हणून ती आणखी खोल करायला घेतली, आणि दरड कोसळून तो आतच गाडला गेला. दुकान त्यानंतर अनसूयाबाईने एकटीने चालवलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती एक फोटो घेऊन जिना चढून वर आली. तिच्याकडे नवऱ्याचा तो एकच फोटो होता. दिराच्या लग्नातला, तीस-चाळीस माणसांचा. पुंडलिक उजव्या टोकाला, अर्धा खांबाआड. चेहरा तुरीच्या डाळीएवढा.

"याच्यातून याहीले तेवढं मोठं करून देजा साहेब," ती म्हणाली. "श्राद्धाले पान वाढाचं त फोटो पाहिजेन. अन् खरं सांगू का, मले आता त्याहीचं तोंड नीट आठवून नाई राहिलं. डोळे मिटले का खांबच दिसते."

काकाने भिंग खाली ओढून फोटो पाहिला. "हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही बाई. एवढा बारीक चेहरा. याला माझाच हात पाहिजे."

"तुमचाच पाहिजेन म्हनून त आली."

"ठेवा इथं."

शोभाकाकू म्हणाली, "आत्ताच स्कॅन करून घेते न मी." तो म्हणाला, "हात लावू नको. आर्टचं काम आहे." आणि फोटो त्याने टेबलावर ठेवला. ढिगाशेजारी.

त्याच दिवसांत त्या इंटरनेटवरच्या मंडळाची स्पर्धा होती, आणि काका एक सेनापती रंगवत बसला होता. तो खाली उतरताना अनसूयाबाई रोज विचारायची, "झाला का साहेब?" तो रोज म्हणायचा, "घाई करू नका." मग ती मला विचारायला लागली. मी वर जाऊन त्याला विचारायचे, तो म्हणायचा, "मॅडम, तू इंग्रजीचं बघ."

भिंग बांधलं की त्याला चार बोटांपलीकडचं जग दिसत नसे. एका दुपारी मी स्पर्धेचा मजकूर टाइप करायला गेले, तर तो सेनापतीच्या अंगरख्याला हिरवा रंग देत होता. डाव्या हाताशी नेहमीसारखा एक चकचकीत फोटो, त्यावर हिरव्या रंगाचं थारोळं. त्या थारोळ्याच्या कडेने माणसांची डोकी दिसत होती. रांगेत. खूप माणसं.

मी म्हटलं, "काका, हा अनसूयाबाईंचा आहे."

त्याने भिंग वर केलं, फोटो पाहिला आणि पहिला शब्द काय काढला? "सुकायच्या आत पुसतो." ओल्या कापसाने घासला. रंग निघेना, तेव्हा कापूस थिनरमध्ये बुडवून घासला. रंग निघाला. त्याच्याबरोबर उजवं टोकही निघालं. खांब अर्धा राहिला, आणि खांबाच्या बाजूला पांढरा कागद.

शोभाकाकू आतून आली, बघितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "आता तिला काय सांगाल?"

"सांगायचं काय? करून देतो." त्याचा आवाज अजिबात हलला नाही. "डाळीएवढा चेहरा तर आहे. मी मुगाएवढे चेहरे करतो."

आणि त्याने केला. सगळ्यात बारीक ब्रश ओठांत ओढून, त्या पांढऱ्या जागी त्याने माणसाचा चेहरा रंगवला. सैनिकांचा रंगवायचा तसाच. खाचांत गडद, उंचवट्यांवर फिकट, डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. मग त्यावर कॅमेरा लावून फोटो काढला, मोठा केला, काळी चौकट बसवली. शोभाकाकू एकदा म्हणाली, "अहो, तिला खरं सांगून टाका." त्याने चौकटीची काच पुसली. "ओरिजिनलपेक्षा भारी झालं," म्हणाला.

अनसूयाबाई वर आली. पदराने हात पुसून तिने चौकट घेतली आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हे कोन हाये?"

"कोण म्हणजे? पुंडलिकभाऊ."

"माह्या मालकाले मिशा नोत्या."

पुंडलिक वर्षानुवर्षं रोज सकाळी याच्याच जिन्यावर बसला होता. त्याला ओलांडूनच काका वर यायचा.

"फोटोत तशाच दिसत होत्या," काका म्हणाला. "सावली असेल."

"अन् जुना फोटो कुठं हाये?"

"तो खराब झाला. जुना होता न. म्हणूनच तर एवढी मेहनत घेतली."

तिने चौकट पदराखाली घेतली आणि उतरून गेली. काका माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, खूश झाली."

श्राद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईने ती चौकट दुकानात, अगदी समोर, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. वर झेंडूचा भरगच्च हार, कपाळाला गंध, खाली दोन उदबत्त्या. आणि हाराच्या मधून रस्त्याकडे बघणारा दिगंबरकाका. वर वळलेली मिशी, डावं टोक जरा जास्त.

पहिल्यांदा ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ फोटो न्यायला आले. पायरीवर थबकले, चप्पल काढली, फोटोला हात जोडले आणि हळू पावलांनी वर येऊन शोभाकाकूला म्हणाले, "वहिनी, कधी झालं हो? आम्हाला कळलंच नाही." काका आतून निळा ओठ घेऊन बाहेर आला, तेव्हा त्या गृहस्थांनी कठडा धरला.

मग शोभाकाकू खाली गेली. मी जिन्यातच होते. काकूने फोटो बघितला आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या पोतीकडे गेला.

"अनसूयाबाई, हे काय केलंत? जिवंत माणसाला हार?"

"जिता हाये का हा?" अनसूयाबाईने सुईत दोरा ओवला. "मले त सांगतलं का हा माहा मालक हाये. याच्यापुढं पान वाढलं म्या काल. कावळा शिवला नाई बाप्पा. सारे थांबून राह्यले, ऊन डोक्यावर आलं. म्या म्हटलं, कावून शिवंल? ज्याचं पान त्यालेच वाढलं नाई."

"काढा हो ते. मी पाया पडते."

"तुमी नोका पडू वहिनी, तुमचा काई दोष नाई. साहेबाले सांगा, माहा मानूस आना. त्या दिवशी म्या हा काढीन."

काकाने आधी हे हसण्यावारी नेलं. मग लग्नाच्या तारखा घ्यायला येणारे लोक पायरीवरून परत फिरायला लागले, कारण हार घातलेल्या माणसाकडून शुभकार्याचे फोटो कोण काढून घेईल? मग त्याला रात्री घाम यायला लागला. एकदा ठेच लागली तर दिवसभर घरी बसला. जिना उतरताना तो मान दुसरीकडे वळवायचा, आणि तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा, आजचा हार ताजा आहे का. ताजाच असायचा. स्वतःचा चेहरा इतक्या हौसेने सगळीकडे चिकटवणारा माणूस त्याच चेहऱ्याला इतका घाबरेल असं मला वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडायचं.

त्याने मला मध्यस्थीला पाठवलं. "तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल." मी गेले. अनसूयाबाईने माझ्या हातात दोऱ्याचं एक टोक धरायला दिलं. हार पूर्ण होईपर्यंत मी ते धरून उभी राहिले आणि काही न बोलता घरी गेले. तिचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच्या स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा त्याने मला हाकही मारली नाही. मीच पाहिला. सेनापतीचं कुठेच नाव नव्हतं.

मग मी कॉलेजला अमरावतीला गेले. दसऱ्याला घरी आले. बाजार झेंडूने पिवळा झाला होता. आईने तोरणाची फुलं आणायला पाठवलं, आणि जिन्यापाशी पोचले तर वरून हाक आली. "मॅडम! वर ये. तुझे डोळे चांगले आहेत."

खिडकीपाशी काका बसला होता. कपाळाला तेच भिंग. पण टेबलावर सैनिक नव्हते, ते खिडकीच्या कठड्यावर ढकलून दिलेले, काही आडवे पडलेले, सगळ्यांवर धूळ. टेबलभर लग्नांची जुनी निगेटिव्हं पसरली होती. उजेडाच्या काचेवर एकेक पट्टी ठेवून तो बघत होता. ओठ कोरडा आणि बिनरंगाचा. मिशी त्याने काढून टाकली होती. तिच्या जागी फिकट कातडीचा पट्टा दिसत होता, त्यामुळे ती आणखीच आठवत होती.

"इतक्या लग्नांत मांडव त्यानंच सजवला," तो म्हणाला. "कुठंतरी असेलच न तो. एकात तरी."

मी भिंगातून पाहिलं. निगेटिव्हात सगळं उलटं असतं, माणसांची तोंडं काळी आणि केस पांढरे. एका पट्टीत नवरदेवाच्या मागे एक खांदा होता. एकीत खांबावर चढलेल्या माणसाची पाठ. एकीत फुलांचं गाठोडं आणि चौकटीबाहेर निघालेला पाय.

"सगळीकडं असाच आहे," काका म्हणाला. "मीच ओरडायचो न. ए फुलवाल्या, बाजूले हो, फ्रेममध्ये येऊन राह्यला." हे सांगताना त्याला वाईट वाटत होतं असं मी म्हणणार नाही. कपाटात हरवलेली किल्ली शोधताना माणूस जसा वैतागतो, तसा तो वैतागला होता. "हा बघ, हा एक हात बरा आलाय."

हात खरंच बरा आला होता. खांबाआडून पुढे आलेला, बोटांत सुई, दोरा ताणलेला. मनगटाच्या पुढे खांब.

शोभाकाकू आत कुणाला तरी हनुवटी खाली घ्यायला सांगत होती. मी उतरले.

अनसूयाबाई पायरीवर बसून तोरणं ओवत होती, पुंडलिक बसायचा त्याच जागी. तिने माझ्यासाठी फुलं निवडायला घेतली. वर न बघता विचारलं, "भेटलं का काई?"

"हात भेटला," मी म्हटलं. "सुई धरलेला."

तिची बोटं थांबली. थोडा वेळ ती आपल्याच हातातल्या सुईकडे बघत राहिली.

"हात मले आठोते," ती म्हणाली. "तोंड आना म्हना."

मग तिने माझी फुलं पानात बांधून दिली, उठली, चौकटीवरचा कालचा हार उतरवला आणि मिशीच्या दोन्ही टोकांवरून नीट बसेल असा ताजा हार घातला.